सिकलसेल, एसएस पॅटर्न आहे, होस्टेलला राहते. कोणाला सांगायचं आणि पेपरला जास्त वेळ मिळतो का?

लालकार्डवाली

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातली, कुरखेड्याकडची. नागपूरला एमएस्सी पहिल्या वर्षाला आहे. मला सिकलसेल आहे, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होणारा रक्ताचा आजार. एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाबा दोघांकडूनही आलेला. शाळेतल्या तपासणीत निघालं होतं, आजार असणाऱ्यांना देतात ते लाल कार्ड आहे. गावी होते तोवर आई सगळं पाहायची, गोळ्या संपायच्या आधी आशाताई घरी येऊन विचारायच्या. इथं आल्यापासून सगळं अंगावरच काढून राहिली आहे.

मागच्या थंडीत प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री कंबर आणि मांड्या एवढ्या दुखल्या की पलंगावरून उतरता येईना. रूममेटला पाय मुरगळला म्हणून सांगितलं. वॉर्डन मॅडम म्हणाल्या, "प्रॅक्टिकल आलं की बरं तुम्हा पोरींचं दुखणं निघते." मी गप्प बसले.

होस्टेलमध्ये खरं सांगू का? सांगितलं तर पोरी दूर पळतील का? बारावीला जास्त वेळ मिळतो असं ऐकलं होतं, इथं मिळतो का? आणि कॉलेजच्या शिबिरात हिमोग्लोबिन ७.८ निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या घेऊ का?

गांधीबागचा हिशेबनीस

बाई, त्या लोहाच्या गोळ्या आधी बाजूला ठेव. बाकीचं मग.

आपलं सिकलसेलवाल्यांचं हिमोग्लोबिन लोह नाही म्हणून कमी नसते. चांगल्या माणसाची लाल पेशी १२० दिवस टिकते, आपली १० ते २० दिवसांत मोडते. मोडलेल्या पेशीतलं लोह अंगातच राहते आणि रक्त लावलं असेल तर बाहेरून आणखी आलेलं असते. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून डॉक्टरनं लिहून दिलं तरच लोह घ्यायचं. आपली रोजची गोळी फॉलिक अॅसिडची. शिबिरवाल्यांना मी दोष नाही देत. समोर एवढी मोठी रांग, ७.८ दिसलं की हात आपसूक त्या पाकिटाकडे जाते. तूच पहिल्या वाक्यात "एसएस आहे" म्हणायचं. आणि ७-८ पाहून घाबरायचं नाही, आपल्यापैकी कितीतरी जणांचं नेहमीचं तेवढंच राहते. तुझं नेहमीचं किती ते तुला पाठ पाहिजे. त्याच्यापेक्षा एकदम खाली गेलं तर दवाखाना.

मी पण एसएस. चाळिशीला आलो, कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो, बीकॉम इथंच झालं. म्हणून जरा हक्कानं सांगून राहिलो.

आता कोणाला सांगायचं. साऱ्या कॉलेजात दवंडी पिटायची गरज नाही. पण रात्री दोन वाजता तुला धरून खाली नेणारं जे माणूस असेल त्याला सगळं माहीत पाहिजे. म्हणजे रूममेटला आणि वॉर्डनला. रूममेटला सरळ सांग, हे आईबापाकडून रक्तात येते, एका ताटात जेवल्यानं नाही होत. वॉर्डनला तोंडी नको सांगू. अर्ज लिही, लाल कार्डाची झेरॉक्स जोड आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. तोंडी सांगितलेलं दुखणं नाटक वाटते, आवक क्रमांक पडला की तेच दुखणं खरं होते. कारकून आहो, मला माहीत आहे.

दुसरं, एक चिठ्ठी बनव. माझी मोबाइलच्या कव्हरमागं असते, लॅमिनेट केलेली. नाव, "सिकलसेल, एसएस पॅटर्न", रक्तगट, नेहमीचं हिमोग्लोबिन, चालू औषधं, कोणत्या औषधाची अॅलर्जी, घरचा नंबर. मागच्या बाजूला डॉक्टरनं लिहून दिलेलं, दुखणं आलं तर आधी काय आणि किती द्यायचं ते. एकदा एका दवाखान्यात रात्रपाळीचा पोरगा मला सुईच्या नादी लागलेला समजला. दुखण्यानं माणूस घामाघूम झालेला, त्यात असं ऐकावं लागते. चिठ्ठी समोर ठेवली तेव्हा खुर्चीवरून उठला आणि सलाईन लावली. आपलं दुखणं बाहेरून दिसत नाही ना, सूज नाही, जखम नाही. कागदच बोलते.

खोलीत काय सांभाळायचं आणि कधी पळायचं हा फरक रूममेटलाही समजावून ठेव. नेहमीसारखं हातपाय दुखत असतील तर पाणी, गरम कपडा, आराम आणि लिहून दिलेली गोळी. मेडिकल स्टोअरमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी आणून रोज खायची नाही, आपल्या किडन्या आधीच नाजूक. पण ताप १०१ च्या वर गेला, तर सकाळची वाट नाही पाहायची. छातीत दुखून दम लागला, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, तर थेट १०८. त्यात ओला, रिक्षा, ओळखीचा गाडीवाला असं काही शोधत बसायचं नाही.

नागपूरचं म्हणशील तर दोन्ही मोसम आपल्या वाईटावर. मे महिन्यात ४५ डिग्रीत पेपर, अंगातलं पाणी आटलं की रक्त घट्ट होते आणि त्या विळ्यासारख्या पेशी अडकून बसतात. पण बाहेरून तापून आल्या आल्या कूलरच्या तोंडासमोर झोपायचं नाही, मला तेवढ्यानंही मांड्या धरतात. डिसेंबर-जानेवारीत मैत्रिणी रात्री फुटाळा तलावावर चला म्हणतील. जा ना, पण गाडीवर मागं बसून नुसत्या ओढणीवर नाही. आणि गीझरचं पाणी संपलं तर त्या दिवशी आंघोळ नाही केली तरी आभाळ नाही कोसळत.

वर्धा रोड

माझं मत वेगळं आहे. डॉक्टरला सांगा, पण होस्टेलमध्ये कशाला? पोरीची जात आहे, उद्या लग्नाच्या वेळी कोणी तेच काढून बसते. माझ्या मावसबहिणीचं असंच मोडलं. बाकी, बीटचा रस सुरू करा, एका ओळखीच्या मुलाचा पॅटर्नच बदलला.

गांधीबागचा हिशेबनीस

बीट खुशाल खा, कोशिंबीर चांगली होते. पॅटर्न जन्माचा असते, तो रसानं बदलत नाही. ज्याचा बदलला म्हणता, त्याचा आधीचा रिपोर्ट एकदा पाहाच.

लग्नाचं खरं आहे, मोडतात. पण लपवून जुळलेलं दुखण्याच्या पहिल्या झटक्यालाच उघडं पडते. लग्नात पाहायचं ते समोरच्याचा पॅटर्न. दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नाही पण पोरांना देऊ शकतात, एएस आणि एएस, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची. त्यामुळं तपासणी तिनं एकटीनं नाही, खोलीतल्या सगळ्यांनीच करून घ्यावी. विदर्भातल्या किती घरांत वाहक आहेत आणि त्यांना पत्ताच नाही. याच नागपुरात संपत रामटेके होऊन गेले. मुलाला सिकलसेल निघाल्यावर त्यांनी ते घरात दाबून नाही ठेवलं, सिकलसेल सोसायटी उभी केली, लोकांना गोळा केलं. २०१८ ला मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दडवून बसले असते तर तुमच्या-माझ्यासारख्यांना कोण विचारत होतं?

लॅबवाली ताई

मी रक्त तपासणीच्या कामात आहे, पेपरच्या प्रश्नाचं कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहिते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होऊन टक्के ठरतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बाकीच्या सवलतींची दारं उघडतात. जास्त वेळ म्हणजे तासाला किमान २० मिनिटं, तीन तासांच्या पेपरला एक तास. मात्र सिकलसेलमध्ये नुसतं कार्ड दाखवून भागत नाही. लिहिताना अडचण येते असं सिव्हिल सर्जनच्या पातळीवरचं प्रमाणपत्र लागतं. ४० च्या खाली टक्के आले तरी निराश होऊ नको, लिहिण्याची अडचण असणाऱ्यांसाठी २०२२ ला वेगळ्या सूचना निघाल्या होत्या. परीक्षेचा फॉर्म भरतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाक. हॉल तिकीट हातात आल्यावर धावाधाव केली की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

अजून एक, जे दादांना सुचणार नाही. मुली पाणी पीत नाहीत, कारण डिपार्टमेंटच्या बाथरूममध्ये पाय ठेववत नाही. एसएसमध्ये किडनी पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे इतरांपेक्षा जास्त वेळा जावं लागतं. म्हणून अर्जात जास्त वेळेसोबत हेही लिही की पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि पेपर चालू असताना बाथरूमला जाऊ द्यावं. लाजू नको, वैद्यकीय कारण आहे.

हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, चुकवू नको, पांढऱ्या पेशी खाली येऊ शकतात. औषधासाठी नागपूरचे सरकारी दवाखाने आहेत, मेडिकल, मेयो, डागा किंवा मिहानचं एम्स, जे होस्टेलपासून जवळ पडेल ते एकच धर. दर वेळी नवा दवाखाना केला की जुने आकडे कोणाकडेच राहत नाहीत.

लालकार्डवाली

लोह बंद केलं. काल रूममेटला सांगितलं. ती म्हणाली, "मग तेव्हा पाय मुरगळला काऊन म्हणाली होती? मी मूव्ह लावत बसली ना रात्रभर." वॉर्डन मॅडमना अर्ज दिला, पोच मिळाली, बोलल्या काहीच नाहीत.

यूडीआयडीच्या तपासणीला आपल्याच जिल्ह्यात जावं लागते का? गडचिरोलीचं जाणं-येणं परवडत नाही.

लॅबवाली ताई

आधार गावचं असेल तर साधारण तोच जिल्हा येतो. अर्ज भरताना दवाखाना निवडायला मिळतो, तिथं नागपूरचा दिसतो का पाहा. होस्टेलच्या पत्त्याचा पुरावा हाताशी ठेव.

गांधीबागचा हिशेबनीस

आणि जावंच लागलं तर एसटीनं जा. सिकलसेलवाल्यांना साध्या गाडीत तिकीट माफ आहे. त्याचे कागद काय लागतात ते डेपोत आधी विचार, कंडक्टरशी गाडीत वाद घालायची वेळ नको. खिडकीची सीट घे, पाण्याच्या दोन बाटल्या घे.