पोलो जीटीला १७ इंची रिम घालाव्यात का? (इंदूर)

लोकमान्यनगरकर
गाडी २०१८ ची पोलो जीटी टीएसआय, ६८ हजार किलोमीटर. गेल्या महिन्यात खंडवा रोडवर पाण्याखालचा खड्डा दिसला नाही आणि पुढची डावी रिम आतून तडकली. कंपनीच्या १६ इंची, टायर १९५/५५. तशीच एक सुटी मिळत नाहीये, म्हणून चारी बदलतोय. दुकानदार १७ इंची दाखवतोय, २०५/४५ टायरसकट. गाडी काय देखणी दिसते त्यांच्यावर! पण रोज पीथमपूरला जाणं, आणि महिन्यातून एकदा आईला घेऊन ओंकारेश्वर. तिची कंबर आधीच दुखते. घालू का?

भेरूघाट
दादा, नका घालू. माझीही पोलोच, दोन वर्षं १७ वर चालवली आणि परत १६ वर आलो. १९५/५५ मध्ये रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १०७ मिलिमीटर रबर असतं, २०५/४५ मध्ये ९२. बाहेरचा व्यास जवळपास तोच, ६२१ चा ६१६ होतो, म्हणून स्पीडोमीटरला फरक पडत नाही. दुकानदार तेवढंच सांगतो. खड्ड्याचा मार मात्र ते गेलेलं दीड सेंटिमीटरच खात होतं.

सिमरोलपुढच्या घाटात वळणावर गाडी रस्त्याला चिकटून जायची, ते सुख खरंच होतं. पण पहिल्याच पावसाळ्यात पुढच्या टायरची हवा तीन दिवसांत ३३ वरून २५ वर यायला लागली. पंक्चरवाल्याने दोनदा वॉल्व्ह बदलला. शेवटी चाक काढून आतल्या अंगाला साबणाचं पाणी सोडलं, तेव्हा कडेला केसासारखी, पेरभर लांब तड दिसली आणि तिच्यावर बारीक बुडबुड्यांची रांग. वेल्डिंग केलं, तर महिन्याभरात शेजारीच दुसरी तड. वाकलेली रिम सरळ करता येते, तडकलेली मात्र भंगारातच द्या.

१६ इंचीच घ्या, पण हलकी घ्या. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते कमी झालं की गाडी वळायलाही चपळ होते आणि मागे बसणाऱ्यालाही आराम पडतो. पोलोचा पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचं माप, ५ बाय १०० (पाच बोल्ट, १०० मिलिमीटर), मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. बाजारातल्या रिमचं भोक बहुतेक वेळा मोठं असतं, त्यात बरोबर मापाची रिंग बसवून घ्या, नाहीतर नव्वद-शंभरला स्टिअरिंग थरथरतं. ऑफसेट, म्हणजे रिमची गाडीला टेकणारी बाजू मध्यापासून किती सरकलेली आहे ते माप, जुन्या रिमच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो. ती रिमच दुकानात घेऊन जा, तोंडी माप सांगू नका.

पाना१७
वर बोल्टचं राहिलं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोल असते, बाजारातल्या बऱ्याच रिमना शंकूसारखी लागते. जुने बोल्ट आत जातात, घट्टही वाटतात, पण टेकतात नुसते कडेवर आणि चालता चालता ढिले होतात. नवे बोल्ट रिमसोबतच मागा. हवेच्या गनने कसू देऊ नका, टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटर, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

आणि तरीही १७ घ्यायच्याच असतील तर टायरवरचा भाराचा आकडा बघा. तुमच्या आताच्या टायरवर ८७ असेल, म्हणजे ५४५ किलो. २०५/४५ मध्ये ८४ पण येतो, तो ५०० किलोचाच. ८८ एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, मागा.

लोकमान्यनगरकर
दोघांचे मनापासून आभार. काल जुनी रिम डिकीत टाकून गेलो आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही ठेवल्या: जुनी ९.६ किलो, नवी १६ इंची ८.१. हीच पक्की केली. आईला फोटो दाखवला, तिला रंग आवडला. शंकूवाले बोल्ट आहेत, रिंगा मात्र दुकानात नव्हत्या, शनिवारी येतील म्हणाले. "आज चढवून न्या, रिंगा नंतर घालू" असा आग्रह चालला होता. नाही म्हणालो. तोवर स्टेपनीवर चालवतोय, आणि ओंकारेश्वर पुढच्या आठवड्यावर ढकललंय.