'डिकोडिंग डिले'ला मराठीत काय म्हणायचं?

कळंबा_रोड: डिप्लोमाच्या पोरांसाठी नेटवर्क कोडिंगवर, म्हणजे डेटाची पॅकेटं एकमेकांत मिसळून पाठवायच्या पद्धतीवर, मराठीतनं नोट्स काढायला घेतल्यात. पॅकेट, ब्रॉडकास्ट हे शब्द तसेच ठेवणार, पण 'डिकोडिंग डिले'पाशी अडलंय. 'विसंकेतन विलंब' लिहिलं तर पोरं पान उलटून पुढं जातील. काय लिहू?

शिवाजीपेठकर: 'विलंब' नकोच सर, अर्थ चुकतो. विलंब म्हटलं की पॅकेट उशिरा पोचलं असं वाटतंय, इथं ते वेळेत पोचलेलं असतंय पण उकलत नाही. समजा खासबागेत कुस्ती चाललीय आणि एकाच वायफायवरनं सगळ्या मोबाइलांना लाइव्ह व्हिडिओ सोडलाय. पहिलं पॅकेट ०११०, दुसरं १०११. एका मोबाइलचं दुसरं गळालं, शेजारच्याचं पहिलं. दोन्ही परत पाठवायची तर दोन खेपा, त्यापेक्षा दोन्हींचं एक्सॉर करून (त्या त्या जागेचे अंक सारखे असले तर ०, वेगळे असले तर १) ११०१ एकदाच सोडायचं, पहिला मोबाइल ते आपल्याकडच्या ०११० बरोबर परत एक्सॉर करतो की १०११ हातात, शेजारचा तसंच उलट बाजूनं, एका खेपेत दोघांचं काम. पण तिसऱ्याची दोन्ही गळाली असली तर त्याला ११०१ मिळून त्या घडीला काही उपयोग नाही. ह्याला आपल्याकडं खोळंबा म्हणतात. पंगत मांडलीय, वाढप झालंय, पण पाहुणे यायचेत म्हणून जेवणं खोळंबली, तसं.

पंचगंगा_घाट: खोळंबा शब्द चांगलाय पण नुसता नको. पोरं ट्रॅफिकचा खोळंबा समजतील, आणि नेटवर्कमधी कंजेशन म्हणजे तसलाच प्रकार, पॅकेटांची रांग लागते, त्याला हा शब्द लागणार आहे.

शिवाजीपेठकर: मग 'उकल-खोळंबा' करा. उकल गणितातला शब्द आहे आणि डिकोडिंग म्हणजे समीकरणंच सोडवणं असतंय. अल्सवेड, काय, ली, यंग ह्या संशोधकांनी 2000 साली दाखवलं की मधल्या नोडनं, म्हणजे वाटेतल्या यंत्रानं, पॅकेटं नुसती पुढं न ढकलता मिसळली तर मल्टिकास्टला (एकाच वेळी अनेकांना तीच माहिती पाठवायला) जास्तीत जास्त वेग गाठता येतो. पुढं रँडम मिसळायची पद्धत आली, 10 पॅकेटं मिसळून सोडली तर 9 मिश्रणं येईपर्यंत बहुतेक वेळा एकही उकलत नाही, दहावं स्वतंत्र समीकरण आलं की दहाच्या दहा उकलतात. खेपा कमी लागतात पण खोळंबा मोठा, आणि लाइव्ह कुस्तीत डाव होऊन गेल्यावर चित्र आलं तर बघायचं काय?

कळंबा_रोड: हे पटलं. मोजतात कशात, सेकंदात?

शिवाजीपेठकर: बऱ्याच पेपरांत खेपांत मोजतात. मोबाइलला अजून काहीतरी पाहिजे होतं, पॅकेट आलं, पण त्यातनं लगेच नवीन काही निघालं नाही, की एक खोळंबा धरायचा. ज्याच्याकडं सगळं आहे त्याचा धरायचा नाही. म्हणूनच पाठवणाऱ्याला कुणाकडं काय आहे ते कळावं लागतं, मग जास्तीत जास्त मोबाइलांना आल्याआल्या उकलेल असं मिश्रण तो निवडतो, आणि मोबाइल वाढले की ती निवड लै अवघड होत जाते.

पंचगंगा_घाट: त्या जातीच्या कोडिंगला 'लगेच उकलणारं' लिहा. त्यात जे लगेच उकलत नाही ते पॅकेट मोबाइल साठवत नाही, टाकून देतो, तेव्हा खोळंबा मोबाइलचा लिहा, पॅकेटचा नको.

कळंबा_रोड: बरोबर, 'मोबाइलचा उकल-खोळंबा' घेतो. व्याख्येखाली तिसऱ्या मोबाइलचं ११०१ पण घालतो.