हेपटायटिस सी 'बरा' होतो म्हणजे नक्की काय होतं?

कडूकिराईत:
मामाच्या १२ आठवड्यांच्या गोळ्या संपून वर्ष झालं. रक्तात विषाणू नाही, डॉक्टर म्हणाले "सुटलात". आणि मी नको ते वाचत बसलो. माद्रिदच्या कास्तियो-कारेन्यो मंडळींनी २००४ मध्ये यकृताच्या चाचण्या सतत बिघडलेल्या, पण कारण न सापडलेल्या १०० जणांची बायोप्सी तपासली. रक्तात ना विषाणू, ना अँटिबॉडी. तरी ५७ जणांच्या यकृतात हेपटायटिस सीचा आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, निघाला! 'बरा झाला' असं आपण फार घाईने म्हणतो.

जलतरंग:
थांबा, ते ५७ जण बरे झालेले नव्हतेच. त्यांना हा आजार असल्याचं कधी निदानच झालं नव्हतं. तुमच्या मामाला लागू होईल असा अभ्यास २००८ चा, फ्रान्समधला. उपचारांनी बरे झालेले ३४४ जण, निम्म्या जणांचा पाठपुरावा सव्वातीन वर्षांहून जास्त. रक्तात एकाच्याही विषाणू परतला नाही. बायोप्सी झालेल्या ११४ पैकी फक्त दोघांच्या यकृतात आरएनए दिसला.

कडूकिराईत:
दोघांच्या तर दिसला ना? आणि कॅनडात, न्यूफाउंडलंडमध्ये मिखालाक यांच्या गटाला बऱ्या झालेल्यांच्या पांढऱ्या पेशींत विषाणू मिळाला, तोही २००४ मध्येच. नुसते अवशेष नव्हेत, काहींत ऋण धागा, म्हणजे आरएनएची उलटी प्रतही होती. विषाणू स्वतःच्या प्रती काढत असतो तेव्हाच ती तयार होते.

पिपेटवाली:
मी पीसीआरवरच (जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवून ते शोधायची चाचणी) पोट भरते, म्हणून बोलते. ते लोक पेशींना आधी डिवचून वाढायला लावतात, मग पीसीआर आणि वर हायब्रिडायझेशन, म्हणजे जुळणारा धागा चिकटवून केलेली खातरजमा. इतकी तीक्ष्ण चाचणी चार रेणूही पकडते, आणि शेजारच्या नळीतून उडालेला थेंबही. एकदा आमच्याकडे नुसत्या पाण्याची नळी 'पॉझिटिव्ह' आली होती. दोन दिवस सगळे एकमेकांकडे संशयाने बघत होते. ऋण धाग्याची चाचणी तर आणखी बेभरवशाची, विषाणूचा मूळ, म्हणजे धन धागा तिला सहज चकवतो. वेगळ्या प्रयोगशाळेत, नमुने कोणाचे हे न सांगता तेच निघालं, तर मी मानेन.

जलतरंग:
शिवाय हेपटायटिस बीचा डीएनए पेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसतो, म्हणून तो वर्षांनी उठतो. सीला तसं घरच नाही. आरएनए विषाणू, सगळा कारभार केंद्रकाबाहेर. प्रती काढणं थांबलं की खेळ खलास.

कडूकिराईत:
घर नाही म्हणून पाहुणा नाही, हा तर्क झाला, पुरावा नव्हे. तीक्ष्ण चाचणीवर शंका घेता, मग नेहमीची चाचणी मिलीलिटरमागे १५ आययूच्या (विषाणूचं प्रमाण मोजायचं एकक) खाली अंदाजानेच बोलते, त्याचं काय? आणि बरे झाल्यावरही यकृताचा कर्करोग होतोच की काहींना!

पिपेटवाली:
त्याला छुपा विषाणू कशाला हवा? सिऱ्हॉसिसचे, म्हणजे यकृत कडक करणारे, जुने व्रण पुरतात. म्हणून तर अशा रुग्णांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात. मामांना सिऱ्हॉसिस आहे का?

कडूकिराईत:
आहे. सोनोग्राफीचं कोणी बोललंच नाही. अँटिबॉडी मात्र दोनदा तपासली, दोन्हीदा पॉझिटिव्ह. मामीने जेवण सोडलं होतं.

पिपेटवाली:
अहो, अँटिबॉडी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं राहते. ती पुन्हा तपासून काय मिळणार? मामींना जेवायला सांगा आणि सोनोग्राफीची तारीख घ्या.

कडूकिराईत:
घेतो. पण त्या दोन बायोप्सींचं उत्तर राहिलंच.