आपापलं काम चोख केलं की झालं टीमवर्क?

रात्रपाळी: आमच्या अप्रेझलच्या फॉर्मवर ‘टीमवर्क’चा रकाना असतो आणि तिथे सगळेच पास. फाइल वेळेवर मिळते, मेलला उत्तर येतं, मदतीला कोणी नाही म्हणत नाही. तरी याला मी टीम म्हणणार नाही.

नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर आठवा. डिसेंबर १९९८ मध्ये निघालं, २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी संपलं. यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या सॉफ्टवेअरने थ्रस्टरचे, म्हणजे यानाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांचे, आकडे पौंड-सेकंदात दिले, नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या नेव्हिगेशनवाल्यांनी, म्हणजे यानाचा मार्ग ठरवणाऱ्यांनी, ते न्यूटन-सेकंद धरले. जवळजवळ साडेचार पटींचा फरक! मंगळापासून सुमारे २२६ किमीवरून जायचं यान ५७ किमीपर्यंत खाली गेलं. देणाऱ्याने फाइल दिली, घेणाऱ्याने घेतली. दोघांनी शेजारी बसून तो आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासला नाही. समोरच्याच्या कामात नाक खुपसायची मुभा हवी आणि त्याने माझ्यात खुपसलं तर मला राग येता कामा नये. एवढं असेल तर टीम.

साधा_हिशोब: उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. नेव्हिगेशनवाल्यांना आकडे जुळत नसल्याची शंका आली होती, ते बोललेही होते. पण ई-मेलवर आणि तोंडी. अडचण नोंदवायची रीतसर पद्धत होती, ती वापरली नाही आणि विषय मागे पडला. शिवाय मेट्रिक एककं, म्हणजे न्यूटन-सेकंद, वापरायची हे कागदावर ठरलेलंच होतं. तेवढं पाळलं असतं तर एकमेकांचं तोंड न पाहताही यान वाचलं असतं.

आपले डबेवाले बघा. १८९० पासून चाललंय. झाकणावरची खूण वाचायची, आपला टप्पा सांभाळायचा, डबा पुढच्याच्या हाती द्यायचा. अंधेरीत डबा उचलणारा चर्चगेटवाल्याबरोबर ब्रेनस्टॉर्मिंग करत बसत नाही.

मावळची_सून: डबेवाल्यांना मध्ये आणलंत म्हणून लिहिते. तुम्ही खूण पाहिलीत, गट पाहिला नाहीत. गटाला मुकादम असतो, कमाई गटात वाटून घेतात. एखादा आला नाही तर जादाची माणसं त्याची लाइन, म्हणजे डबे पोचवायचा ठरलेला मार्ग, धरतात, कारण त्यांना ती ठाऊक असते. बहुतेक जण मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडचे, त्यामुळे ओळखी गावापासूनच्या. झाकणावरची खूण कोणीही शिकेल, पण दुसऱ्याची लाइन आपली समजून धावणं तिथे लिहिलेलं नसतं.

कॉफी_नको: नाक खुपसायची मुभा म्हणे! ती असते कोणाला? वरच्यांना. आमच्याकडे साहेबांनी माझ्या कामात डोकावलं की ते ‘ओनरशिप’, आणि मी टेस्टिंगवाल्यांना दोन प्रश्न विचारले की ‘तुझ्या स्कोपमध्ये नाही’. एकत्र कामाच्या नावाखाली चार मीटिंगा वाढल्या. त्यांचे मिनिट्स कोण लिहितं ते विचारू नका.

रात्रपाळी: @कॉफी_नको, ही मुभा नव्हे, दादागिरी.

@साधा_हिशोब, फॉर्म भरायला हवा होता, मान्य. पण फॉर्म भरण्याइतकी खात्री यायला समोरचं यंत्र तरी कळायला हवं. यानाची रचना नेव्हिगेशन टीमला पुरेशी माहीत नव्हती, हेही चौकशीतच आलंय. एक दिशादुरुस्ती शिल्लक होती, तिच्यावर चर्चा झाली, पण ती केली नाही. पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात जाऊन ‘मीठ कमी आहे’ म्हणावं का, असलं अवघडलेपण दिसतं मला त्यात. असं अवघडलेपण कुठल्या फॉर्मने जाणार?

साधा_हिशोब: मग सूनबाईंचा मुद्दा पूर्ण करा ना. तिथे कमाई वाटून घेतात, म्हणून लाइनही वाटून घेतात. आपल्याकडे रेटिंग प्रत्येकाचं वेगळं, त्यातही काही जणांना खालचं द्यायचंच हे आधी ठरलेलं. मी शेजारच्याचं काम शिकून त्याचा शुक्रवार वाचवला तर त्याचं रेटिंग वर आणि माझी तिकिटं, म्हणजे माझ्या नावावरची कामं, उघडीच. अशा ऑफिसात माझ्याकडून फाइल वेळेवर मिळेल, एककासकट. त्याहून जास्त हवं असेल तर आधी एचआरशी बोला.