मदत हवी आहे: रात्रीच्या उड्डाणासाठी टॉर्च कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

सीपीएलचं (कमर्शियल पायलट लायसन्स) ट्रेनिंग चालू आहे, लवकरच नाइट फ्लाइंग सुरू होईल (रात्रीचे किमान 5 तास, त्यात 10 टेकऑफ, 10 लँडिंग). विमान सेस्ना 172. घरातला जाडजूड टॉर्च नेला होता, तो लावला की अख्खा हँगर उजळतो. इन्स्ट्रक्टर सर एवढंच म्हणाले, "हा वॉचमनला देऊन टाक."

खाली वॉकअराउंडला (उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून करायची तपासणी) ऑइलची डिपस्टिक, टायर, पिटो ट्यूब (वेग मोजायची नळी) बघायची, इंधनाचा नमुना काढून त्यात पाणी नाही ना ते तपासायचं. वर कॉकपिटात चेकलिस्ट आणि नकाशा. शिवाय देव न करो, पॅनलचे दिवे गेले तर वेग आणि उंची दिसेल एवढा उजेड हवा.

लाल घ्यावा की पांढरा? हातातला की डोक्याला बांधायचा? सेलवरचा की चार्जिंगचा? बजेट तीन हजारांपर्यंत.

उंटावरचा शहाणा: मोबाइलला टॉर्च असतो की! एवढा खल कशाला?

धागाकर्ती: एका हातात मोबाइल, दुसऱ्यात डिपस्टिक, मग ती पुसायचं फडकं कोण धरणार? तुम्ही येताय का? :)

रातकिडा: एअरलाइनमध्ये आहे, रात्रीची ड्युटी पाचवीला पुजलेली. ताई, ल्युमेनच्या (उजेडाचं माप) मोठ्या आकड्याला भुलू नका. खोक्यावर 1000 लिहिलेलं असतं, पण छोटा टॉर्च तापतो आणि थोड्याच वेळात आपोआप मंद होतो. आपल्याला बघायचं ते सर्वांत कमी उजेड किती. 1 ल्युमेनच्या आसपासचा मोड हवा, आणि बटण दाबल्यावर आधी तोच लागायला हवा. काही टॉर्च पहिल्यांदा पूर्ण झोत मारतात, मग आपण दाबत दाबत खाली यायचं. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, ते सगळं त्या एका झोतात जातं. शेजारी बसलेल्याचंही.

मंद लाल उजेडाने रात्रीची नजर फारशी बिघडत नाही, म्हणून सीनियर लाल म्हणतात. पण नकाशावरच्या लाल-गुलाबी खुणा त्यात पुसल्यासारख्या होतात. मी आत अगदी मंद पांढराच वापरतो. स्ट्रोबचा (झपाझप उघडझाप करणारा) मोड सहज लागेल असा टॉर्च मात्र फुकट मिळाला तरी नको.

पानापक्कड: मी विमानांची देखभाल करतो, तेव्हा खालच्या कामाचं सांगतो. तिथे लाल अजिबात नको. 100एलएल इंधन (अशा विमानांचं पेट्रोल) निळं असतं. नमुन्याच्या कपात पाणी तळाशी बसतं आणि मध्ये रेघ दिसते हे खरं, पण अख्खा कप पाण्याचाच भरला तर रेघ कुठली? तेव्हा रंगच वाचवतो, आणि लाल उजेडात तो कळत नाही. सेस्नाच्या ब्रेकचं हायड्रॉलिक ऑइल लाल असतं, चाकापाशी ओघळ आला असेल तर तोही लाल उजेडात नजरेतून सुटेल. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचा एलईडी बघा, रंग खरे दिसतात.

बुडाशी चुंबक असलेले टॉर्च टाळा. विमान ॲल्युमिनियमचं, ते चिकटणार कशाला? उलट आत होकायंत्राजवळ ठेवलात तर सुई भलतीकडे बघेल. आणि टॉर्चला दोरी हवीच. काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) टॉर्च विसरून कोणी इंजिन चालू करू नये.

रातकिडा: +1. हेडलॅम्प बाहेर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. आत मान वळवली की झोत थेट इन्स्ट्रक्टरच्या डोळ्यांत, नाहीतर काचेवर. सेल एए घ्या, कुठल्याही गावात मिळतात. साधे अल्कलाइन महिनोन्महिने आत राहिले तर गळतात, म्हणून निकेलवाले रिचार्जेबल बरे. पुढेमागे लिथियम सेल घेतलेत तर विमानप्रवासात सुटे सेल टोकांना टेप लावून हातातल्या बॅगेत ठेवायचे, चेक-इनमध्ये नाही.

आणि टॉर्च दोन ठेवा. नियमाने रात्री प्रत्येक क्रूच्या जागेपाशी स्वतंत्र टॉर्च लागतोच, पण जो हातातून निसटून सीटखाली जातो त्याचा तिथे उपयोग शून्य.

धागाकर्ती: दोघांचेही आभार! मग एए सेलचा छोटा टॉर्च गळ्यात आणि साधा हेडलॅम्प बॅगेत, असं ठरवतेय. आता अडचण एकच. सर्वांत कमी मोड खरंच किती मंद आहे ते ऑनलाइन फोटोवरून कळत नाही. पुण्यात किंवा नागपुरात टॉर्च हातात घेऊन, दिवे मालवून बघू देतील असं दुकान कोणाला ठाऊक आहे का?