भरती तिथीवर येते, मग क्रांती पण तशीच येते का?

खाडीपलीकडे: परवा गावात एका मार्क्सवादी अभ्यासवर्गाला बसलेलो. वक्ते म्हणाले निसर्गाला जसे वस्तुनिष्ठ नियम तसेच समाजालाही, तुम्हाला पटो न पटो ते चालणारच. पहिलं मान्य. आमचे आजोबा बोटांवर तिथी मोजायचे, तिची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ हातात, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहा, त्या हिशोबाने होडी बाहेर. पण समाजाचं असं पंचांग कुठाय?

रापणवाला_लाल: उत्तर आजोबांनीच दिलंय की. भरती थांबवता येत नाही, पण वेळ माहीत असली की होडी काढता येते. मार्क्सचा साथीदार एंगल्स हेच सांगतो, नियम ओळखला तरच माणूस मोकळा. जमीन खोताची, म्हणजे गावच्या सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, आणि राबणार कूळ, मग भांडण होणारच, खोत स्वभावाने देवमाणूस असला तरी. अलिबागजवळ चरी गावच्या कुळांचा खोतांविरुद्धचा संप काय कुणाला झोपेतून उठून सुचला?

चाकरमानी_परळ: चरीचंच घ्या ना. १९३३ ते १९३९ लोकांनी जमिनी पडीक ठेवल्या, घरात दाणा नसताना, आणि संपाचे पुढारी नारायण नागू पाटील गावोगाव फिरत होते. आपोआप होणारच होतं तर एवढे हाल कशाला काढले? खोती रत्नागिरीतही होती, मग एवढा लांब संप चरीलाच का? बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल आणलं १९३७ ला, कायदा झाला १९४९ ला. भरती कधी १२ वर्षं लेट झालीय?

रापणवाला_लाल: आपोआप कोण म्हणालं? मार्क्सने १८५२ लाच लिहिलंय, इतिहास माणसंच घडवतात, पण परिस्थिती त्यांनी निवडलेली नसते. नियम कल दाखवतो, तारीख नाही.

चाकरमानी_परळ: म्हणजे संप झाला तरी नियम बरोबर, नाही झाला तरी बरोबर. आमच्या वाडीतला ज्योतिषी पण असंच सांगतो हो.

मालवणी_बांगडो: तुमचा चलांदे. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांका बंदी. पावसात मासे अंडी घालतत तो निसर्गाचो नियम, बंदी सरकारचो, आणि तरीय कोण गुपचूप होडी घालता तो पोटाचो. ह्यो तिसरो खंयच्या पोथयेत आसा?

खाडीपलीकडे: अरे पोटाचा म्हटलास म्हणजे मार्क्सचंच बोललास, मत लालवाल्यालाच गेलं तुझं 😄

मालवणी_बांगडो: माजा मत कोणाकच नाय. १ ऑगस्टाक होडी पाण्यात जावक होयी, इंजिनाचा काम अजून रवला हा.