सुट्टीतले डायव्हिंग आणि परतीचा घाट

ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला की नाताळच्या सुट्टीत मालवणला स्कूबा प्रशिक्षक म्हणून काम करता येईल, असे काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. ‘पाडी’ या डायव्हिंग-प्रशिक्षण संस्थेच्या पद्धतीत ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि डाइव्हमास्टर हे पुढचे टप्पे पार करून, किमान १०० डाइव्हची नोंद झाल्यावरच प्रशिक्षकाची परीक्षा देता येते, त्यामुळे मुंबईतल्या नोकरदाराने सुरुवातीच्या हंगामात मदतनीस म्हणून जाणेच व्यवहार्य आहे. ते काम पाण्याइतकेच होडीवरचे असते: हवेच्या टाकीच्या तोंडाशी ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) तडकलेली नाही ना हे पाहणे, आणि प्रथमच उतरणाऱ्या पाहुण्यांना, कान दुखू लागण्याआधीच नाक दाबून धरून हलकेच फुंकायचे, हे पुन्हापुन्हा सांगणे.

डाइव्हनंतर लगेच उंचीवर गेल्यास कमी दाबामुळे अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात; म्हणून अंदमानहून परतताना विमानाआधी थांबावे लागते, हे अनेकजण सांगतात. मालवणहून गाडीने घाट चढून येणाऱ्यांचा विचार मात्र राहून जातो. सलग अनेक दिवस डाइव्ह केल्यास शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास उंचीवर जाऊ नये, असे ‘डॅन’ ही डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था सुचवते, आणि ही सूचना सुमारे ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, म्हणजे दुपारी शेवटची डाइव्ह आटोपून संध्याकाळी घाट चढणेही त्यात आलेच. (पर्यटकांना हे क्वचितच सांगितले जाते.) मी म्हणूनच कुडाळहून कोकणकन्या पकडतो; नाताळातले तिकीट मात्र आरक्षण खुलताच काढावे लागते.